द्वारकाबाईंच्या हौदाचा छाप

भल्या सकाळी एखादा पोक्त माणूस शेजारणीच्या हौदाच्या झाकणावर उकिडवा बसून, कागद अंथरून, त्यावर काळा खडू घासत असेल, तर त्याचे दोनच अर्थ निघू शकतात. एक तर त्याचं डोकं फिरलंय, किंवा त्याला सरकारनं पाठवलंय. लक्ष्मीबाई नगरानं पहिला अर्थ विचारातच घेतला नाही. सदाशिवरावांच्या अब्रूच्या दृष्टीनं हे बरं झालं आणि बाकी सगळ्या दृष्टींनी वाईट.

तिसराही एक अर्थ होता. हा माणूस ग्राफिक डिझाइनच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आहे आणि सध्या पोत शिकतोय. तो कोणाला सुचला नाही. तो खरा होता, पण खरं सुचायला फार कल्पनाशक्ती लागते.

"भाऊ, काय करू ऱ्हायले?" द्वारकाबाईंनी दारातून विचारलं. हातात खराटा होता, तो अजून जमिनीला टेकलेला नव्हता.

"पोत घेतोय."

"कशाचा?"

"तुमच्या झाकणाचा."

"कामून?"

"सोमवारी मॅडमना द्यायचाय."

एवढं बोलून सदाशिवरावांनी कागद उचलला, उजेडात धरला आणि समाधानानं मान हलवली. लोखंडी झाकणावरची उभी-आडवी नक्षी कागदावर उतरली होती, गंजासकट. सरकारी माणूस मुद्देमालाकडे जसा बघतो तसंच ते बघत होते. इलाज नव्हता. त्यांना दुसऱ्या तऱ्हेनं बघता येत नव्हतं.

द्वारकाबाई आत गेल्या. खराटा बाहेरच राहिला.

जागेविषयी थोडं

लक्ष्मीबाई नगर म्हणजे चिकलठाण्याच्या अलीकडचा आप्पासाहेबांचा मळा. कापसापेक्षा प्लॉटचं एकरी उत्पन्न जास्त निघतं हे आप्पासाहेबांच्या ध्यानात आलं, तेव्हा त्यांनी गुंठ्या-गुंठ्यानं जमीन विकली आणि आईचं नाव वस्तीला दिलं. नकाशात त्यांनी तीस फुटी रस्ता सोडला होता. तो नकाशात अजून सुखरूप आहे. जमिनीवर त्याला एकेका घरानं थोडं थोडं आपलं म्हटलं. कोणाचा जिना उतरला, कोणाच्या पायऱ्या पुढं आल्या, कोणाची न्हाणी. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, म्हणून प्रत्येकाला हौद हवा, आणि प्लॉटवर तर घर बांधून झालेलं, म्हणून हौद रस्त्याखाली. घरं सरकारदरबारी नियमित होणार होती. गेली कित्येक वर्षं होणार होती. त्यामुळे ह्या गल्लीत टेप, कागद किंवा पेन्सिल घेऊन कोणी उभा राहिला, की चहाला उकळी यायची थांबते.

आणि उभा राहिलेला माणूस कोण? तर सदाशिवराव अंबडकर, मोजणी खात्यातून निवृत्त. उभ्या गल्लीत त्यांना नावानं हाक मारणारं कोणी नव्हतं. "मोजणीवाले" एवढंच.

रेषा

कालिंदी मॅडम सदाशिवरावांच्या मुलीपेक्षा लहान होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी वर्गाला विचारलं, "रेषा म्हणजे काय?"

पोरं मोबाइलकडे बघत बसली. सदाशिवराव उभे राहिले. "हद्द."

"छान. पण रेषेला भावनाही असते, काका."

"असते की. दोन्ही बाजूंना असते. कधी कधी पोलीस बंदोबस्त मागवावा लागतो."

मॅडमना वाटलं विनोद केला. सदाशिवरावांनी आयुष्यात विनोद केला नव्हता. नोकरीतल्या उभ्या हयातीत त्यांनी काढलेल्या प्रत्येक नकाशापुढं दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर गेले होते. रेषा सरळ, माप बरोबर, सही साहेबांची आणि शिव्या सदाशिवरावांना. म्हणून निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात तसे ते जालना रोडवरच्या खासगी कॉलेजात आले होते. एक तरी चित्र असं काढायचं, की जे बघून कोणी कोणाची गचांडी धरणार नाही. एवढीच इच्छा. मोक्षापेक्षा ही लहान असावी असा त्यांचा समज होता.

समतोल

मॅडमनी समतोल शिकवला. सदाशिवरावांनी कागदाच्या दोन समान वाटण्या केल्या आणि मधली विहीर सामाईक ठेवली.

मॅडमनी प्राधान्य शिकवलं: एक गोष्ट मोठी, बाकीच्या लहान. सदाशिवराव म्हणाले, "थोरल्याचा हिस्सा."

मॅडमनी त्यांच्या एका चित्राच्या कोपऱ्यातल्या चिन्हावर बोट ठेवलं. "काका, हे काय?"

"उत्तर दिशा."

"हे फुलदाणीचं चित्र आहे."

"फुलदाणीलाही उत्तर असतेच की."

शेजारच्या बाकावरचा बद्रीनाथ, खुलताबादकडचा, काकांवर मनापासून जीव असलेला पोरगा, तोंडावर हात धरून म्हणाला, "लई बरोबर हाय, मॅडम. आमच्या घरात फुलदाणीच नाय, पण उत्तर हाय."

मोकळी जागा

(ही जागा मुद्दाम मोकळी सोडली होती. मध्यंतरी गिरणीवाल्या कडूबानं तिच्यात एक पायरी टाकली.)

तर काम असं होतं. आपल्या रोजच्या परिसरातले डझनभर पोत कागदावर उतरवायचे, मग ते कापून-चिकटवून एक रचना करायची. सोमवारी दाखवायची. चांगली जमली तर प्रदर्शनात लागणार, म्हणजे पास. नाही जमली तर सत्रातून बाहेर, आणि तिथं ज्येष्ठ नागरिकांना सवलत नव्हती. पहिला पोत द्वारकाबाईंच्या झाकणाचा. तो गुरुवारी मिळाला. उरलेल्या पोतांना गल्ली पुरून उरेल, असा सदाशिवरावांचा हिशेब होता. हयातभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजलेल्या माणसाचे स्वतःचे हिशेब असेच असतात.

दुपारपर्यंत 'लक्ष्मीबाई नगर मित्र परिवार' ह्या ग्रुपवर पुढचा मजकूर आला होता. शुभ सकाळचं कमळ वगळून देत आहे.

*द्वारकाबाई:* मोजणीवाल्यांनी माज्या हौदाचा छाप घेतला. सोमवारी वर देनार हायेत.

*कडूबा गिरणी:* वर म्हंजे कुठं

*द्वारकाबाई:* मॅडमला

*कडूबा गिरणी:* कोन मॅडम

*द्वारकाबाई:* मॅडम म्हंजे मॅडम. नवीन आली आसल

*आप्पासाहेब:* रिटायर लोकांना करारावर परत घेऊ ऱ्हायले. पेपरात व्हतं.

*कडूबा गिरणी:* पन टेप नव्हता त्यांच्याकडं

*आप्पासाहेब:* आता छाप घेतेत. टेप खोटा पडतो, छाप पडत नाय.

ह्या शेवटच्या वाक्यापुढं गल्लीत कोणाची अक्कल चालली नाही. ते इतकं तांत्रिक होतं, की ते खरं असणं भागच होतं.

शुक्रवारी सकाळी कडूबा दौलताबादच्या पेरूंची पाटी घेऊन आला. सदाशिवराव आंघोळीला गेले होते. ते पंचा गुंडाळून बाहेर आले तोवर त्यांच्या पत्नी अंबिकाबाईंनी पेरू धुऊनसुद्धा ठेवले होते.

"परत करा ते," सदाशिवराव म्हणाले.

"का? गोड आहेत."

"अहो, ही लाच आहे!"

अंबिकाबाईंनी एका पेरूची फोड केली, मीठ लावलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "सगळी नोकरी झाली, कोणी चिंचेचं बोटूक आणून दिलं नाही. आता चित्रं काढायला लागलात तर घरात फळं यायला लागली. मी म्हणते, कलेला वाईट दिवस आलेत असं कोण म्हणतं?"

सदाशिवरावांनी उरलेली पाटी उचलली आणि गिरणीवर नेऊन ठेवली. कडूबाचा चेहरा पिठापेक्षा पांढरा झाला. जो सरकारी माणूस पेरू परत करतो त्याला एक तर पेरूपेक्षा जास्त हवं असतं, किंवा प्रकरण पेरूच्या पलीकडं गेलेलं असतं.

"कडूबा, मला फक्त तुझ्या पायऱ्या हव्यात," सदाशिवराव म्हणाले.

हे वाक्य त्यांनी अत्यंत आपुलकीनं म्हटलं होतं. त्या पायऱ्या छिन्नीनं घडवलेल्या दगडाच्या होत्या. इतका सुंदर पोत अख्ख्या वस्तीत नव्हता. संध्याकाळी ते कागद घेऊन पोचले, तेव्हा पायऱ्या नव्हत्या. त्या जागी सिमेंटचा गिलावा होता, ओला, नितळ, आरशासारखा. कडूबा थापी धुवत होता.

"काढल्या, साहेब. मनानंच काढल्या. आता रस्ता तुमचा."

"अरे, कशाला काढल्यास! मला तशाच पाहिजे होत्या! खडबडीत!"

कडूबानं मान खाली घातली. "कळतं हो, साहेब. जागेवर सापडाव्या म्हनून."

शनिवारी सदाशिवरावांनी ठरवलं, की आता हे कायदेशीर मार्गानं मिटवायचं. ते वॉर्डाच्या कचेरीत गेले आणि आमच्या गल्लीत कसलीही पाहणी चालू नाही एवढं एक पत्र मागितलं.

टेबलामागच्या माणसानं सहानुभूतीनं ऐकून घेतलं. "पाहणी चालू असती तर चालू आहे असं पत्र आजच दिलं असतं. चालू नाही, असं देता येत नाही."

"का?"

"उद्या चालू झाली तर?"

"मग आज चालू नाही एवढंच द्या."

"आज शनिवार आहे. आज काहीच चालू नाही. पण तसं लेखी द्यायचं म्हणजे वरून मंजुरी लागते." मग त्यानं चष्मा वर केला. "तुम्ही मोजणीतले अंबडकर साहेब ना? अहो, आमच्याकडं माणसं नाहीत. करारावर येता का?"

सदाशिवराव ताडकन उठले. "मी विद्यार्थी आहे," ते म्हणाले. एवढ्या वयाच्या माणसाच्या तोंडून ते वाक्य गुन्ह्याच्या कबुलीसारखं वाटलं. ते तरातरा बाहेर पडले, तर समोरच्या हॉटेलात कडूबा चहा पीत होता. त्यानं त्यांना कचेरीच्या दारातून बाहेर येताना पाहिलं, बशी खाली ठेवली, आणि चहा अर्धा टाकून गल्लीकडं निघाला. आता गल्लीला पुराव्याची गरज उरली नाही.

रविवारी सकाळी आप्पासाहेबांच्या ओट्यावर बैठक बसली. सदाशिवराव स्वतः होऊन गेले. गैरसमज अज्ञानातून होतो आणि ज्ञान दिलं की तो जातो असं ज्यांना वाटतं, ते लोक शिक्षक तरी होतात नाही तर मार तरी खातात. सदाशिवरावांनी दोन्हींच्या मधला मार्ग धरला: भाषण.

"मंडळी, चित्रात सगळ्यात महत्त्वाचं काय? मोकळी जागा."

द्वारकाबाईंनी पदर घट्ट ओढला.

"आपल्याला सवय काय? जागा दिसली की काहीतरी घुसवायचं. हे चूक आहे. मलाही अलीकडंच कळलं."

"किती फूट सोडायची?" कडूबानं विचारलं.

"फुटाचा प्रश्न नाही. डोळ्यांना बरी वाटेल तेवढी."

"कोनाच्या डोळ्यांना?"

"मॅडमच्या. त्या सोमवारी बघतील. जिथं गर्दी झाली असेल तिथं त्या सरळ कात्री लावायला सांगतात."

"व्हय," आप्पासाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले. "मी रस्ता सोडला व्हता तवा हितं बैलगाडी वळायची. ह्यांनी खाल्ला."

"खाल्ला?" द्वारकाबाई उठल्याच. "अन् विकला कोनी? माझ्या नवऱ्याला कोपऱ्याचा प्लॉट दावला अन् दिला मधला! बैलगाडी वळायची म्हनं. तुमची जीभ तेवढी वळती."

"बाई, तोंड सांभाळा."

"हौद माझा उचलायला लावता, अन् तुमच्या कंपाउंडची भिंत काय देवानं सरकवली?"

पुढचा तास-दीड तास तिथं जे झालं त्याला सदाशिवराव चांगले सरावलेले होते. फरक इतकाच, की अजून चित्र काढूनही व्हायचं होतं.

बैठक मोडली आणि गल्लीतून ठोकाठोक ऐकू यायला लागली. जो तो आपापली अब्रू हातोड्यानं वाचवत होता. ओटे गेले, जिन्यांच्या खालच्या पायऱ्या गेल्या, शहाबादी फरश्या उखडल्या. द्वारकाबाईंनी झाकणावर माती लोटून वर तुळशीची कुंडी ठेवली. कारण कोणत्याही मॅडमची कात्री तुळशीला लागणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गिलावा, पुट्टी, रंग. संध्याकाळपर्यंत लक्ष्मीबाई नगर इतकं गुळगुळीत झालं, की पोताचा विद्यार्थी तिथं उपाशी मेला असता. सदाशिवराव पुढं पळत होते, गल्ली मागून सारवत येत होती. कुठं उखडलेल्या फरशीचा तुकडा, कुठं पाडलेल्या ओट्याची वीट, कुठं गिरणीचा गंजका पत्रा, कुठं आप्पासाहेबांच्या भिंतीचा रंग न लागलेला भाग, जे हाताला लागेल त्याचा छाप घेत त्यांनी डझन भरलं. शेवटचा छाप स्वतःच्याच घरासमोरच्या रांजणाच्या कट्ट्याचा. तोही रस्त्यातच होता. हे त्यांच्या त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं आणि त्यांनी ते लगेच विसरायचं ठरवलं.

रात्री बसून त्यांनी रचना केली. छाप कापले, हलवले, चिकटवले. हात आपोआप चालत होते. असं कधी झालं नव्हतं. ह्यालाच प्रतिभा म्हणत असावेत, असं त्यांना वाटलं.

सोमवारी कालिंदी मॅडम त्या कागदापुढं बराच वेळ उभ्या राहिल्या.

"पोत अप्रतिम आलेत, काका."

सदाशिवरावांची छाती फुगली.

"पण हा नकाशा आहे."

"नाही हो, मॅडम. हा बाण वगैरे काही काढला नाही ह्या वेळी."

"बाण नाही. पण हे झाकण इथं का? ह्या विटा त्याच्या बरोबर समोर का? ही लांब भिंत इतकी पुढं का आलीये?"

"कारण ती तिथं आ..." सदाशिवराव थांबले.

त्यांनी कागदाकडं नीट बघितलं. खाली गिरणी. वर आप्पासाहेबांची भिंत, नको तितकी पुढं. डाव्या अंगाला द्वारकाबाईंचा हौद, प्रमाणात. कोणी काय खाल्लं, किती खाल्लं, सगळं काळ्या खडूत, घरागणिक. महापालिकेला आयुष्यात मिळणार नाही इतका अचूक अतिक्रमणाचा नकाशा त्यांनी कलेच्या ओघात काढला होता. लक्ष्मीबाई नगरानं त्यांच्याविषयी जे जे म्हटलं ते सगळं खरं होतं. खोटं फक्त ते स्वतः बोलत होते, तेही नकळत.

मॅडमनी कात्री पुढं केली. "हे झाकण उचला. जिथं डोळ्यांना बरं वाटेल तिथं ठेवा."

"पण ते तिथं नाहीये."

"काका, ते कुठंच नाहीये. हा कागद आहे."

सदाशिवरावांनी कात्री घेतली आणि तशीच धरून ठेवली. कोणी काहीही देऊ केलं, धमकावलं, मंत्र्याचा फोन आणवला, तरी त्यांनी कधी कोणाची हद्द बोटभर सरकवली नव्हती. नोकरीत कमावलेली तेवढी एकच चीज होती. आणि आता ही पोरगी म्हणत होती, डोळ्यांना बरं वाटेल तिथं.

बद्रीनाथ कानाशी येऊन म्हणाला, "सरकवा, काका. आमच्या चुलत्यानं शेताचा आख्खा धुरा असाच सरकवलाय. काय होत नाय."

सदाशिवरावांनी डोळे मिटले, कात्री चालवली आणि द्वारकाबाईंचा हौद उचलून आप्पासाहेबांच्या कंपाउंडच्या आत ठेवला. डोळे उघडले. बरं वाटत होतं! मग त्यांनी भिंत आडवी केली. गिरणी वर नेली. कडूबाच्या नसलेल्या पायऱ्यांच्या जागी काहीच ठेवलं नाही, आणि त्या काहीच-नाहीला, मॅडम म्हणायच्या तसा, खरोखर श्वास होता. जमिनीचा सत्यानाश झाला, आणि त्यातून चित्र निघालं.

ते प्रदर्शनात लागलं. म्हणजे सदाशिवराव पास झाले. गोष्ट इथं संपवता आली असती, पण अंबिकाबाईंनी ग्रुपवर कळवलं: 'ज्यांना संशय आहे त्यांनी एकदा येऊन डोळ्यांनी बघावं.' संशय सगळ्यांना होता. आप्पासाहेबांच्या जीपमध्ये मावेल तेवढी गल्ली कॉलेजात उतरली.

प्रदर्शनात बाकीची चित्रंही होती. लक्ष्मीबाई नगर सरळ आपल्या चित्राशी गेलं. सदाशिवराव चित्राऐवजी त्यांच्याकडं बघत होते. कोणी कोणाच्या अंगावर जात नव्हतं. त्यांना क्षणभर वाटलं, जमलं.

"हे माझं झाकण," द्वारकाबाई म्हणाल्या.

"अन् ही माझी भिंत," आप्पासाहेब म्हणाले. "म्हंजे तुमचा हौद आत हाय माझ्या."

"आत कसा? मंग पाणी कोन भरंल?"

"माझ्या हद्दीत हाय म्हनल्यावर पाणी माझं."

"घ्या! रस्ता पुरला नाय, आता हौद बी गिळला ह्या मानसानं! चित्रातून सुद्धा!"

"बाई, लेखी हाय ते!"

"माझी पायरीच दाखवली नाय," कडूबा मागून कळवळला. "पाडली म्हनून काय झालं, व्हती की नाय?"

आवाज चढले. दुसऱ्या वर्गातली पोरं मोबाइल काढून गोळा झाली. कालिंदी मॅडम धावत आल्या. आप्पासाहेबांनी सदाशिवरावांचा दंड धरून त्यांना चित्रापुढं ओढलं. "हे बगा, मोजणीवाले समोरच हायेत. साहेब, तुम्हीच सांगा एकदाचं. हौद कोनाच्या हद्दीत?"

सगळे थांबले. असं थांबणं सदाशिवरावांनी कितीतरी बांधांवर पाहिलं होतं. आता ह्यांनी सांगायचं, आणि मग ह्यांनाच शिव्या द्यायच्या. त्यांनी खिशाकडं हात नेला, तिथं टेप नव्हता. असता तरी कशावर धरणार होते?

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मला तिथं बरा दिसला."

आप्पासाहेबांनी त्यांचा दंड सोडला. आपला हौद असा 'बरा दिसला' म्हणून कुठंही कसा जाऊ शकतो, ते पाहायला द्वारकाबाई तावातावानं पुढं गेल्या आणि 'हात लावू नये' ह्या पाटीखालीच त्यांनी झाकणावर पंजा ठेवला. ती उभी-आडवी नक्षी. तो गंज. रोज पहाटे ज्याच्यावर बोटं सोलवटतात ते लोखंड.

त्यांनी हात फिरवला. थांबल्या. पुन्हा फिरवला.

"गुळगुळीत हाय!"

"काय बोलता, बाई?" आप्पासाहेब म्हणाले.

"अवो, कायच नाय हितं! बगा की!"

आप्पासाहेबांनी हात लावला. मग आपल्या भिंतीला लावला. मग कडूबानं. तिघं जण चित्र चाचपत उभे राहिले, आंधळ्यासारखे. डोळ्यांना टोचत होतं आणि हाताला काहीच लागत नव्हतं. पोत दिसतो आणि नसतो, हे कालिंदी मॅडम पहिल्या महिन्यापासून वर्गाला सांगत होत्या. वर्गातल्या एकाही पोराला त्याचं नवल वाटलं नव्हतं.

"फसवलं की हो," आप्पासाहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कौतुक होतं. "साफ फसवलं मोजणीवाल्यानं!"

नोकरीत हे वाक्य सदाशिवरावांनी बांधावर ऐकलं होतं, कचेरीच्या पायरीवर ऐकलं होतं, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. त्यावर त्यांचं एक ठरलेलं सरकारी उत्तर होतं: अपील करा. ह्या वेळी ते त्यांनी थोडं बदललं.

"पुन्हा हात लावून बघा," सदाशिवराव म्हणाले.